पंपिंग पंचवीस टक्के, माणूस मात्र पुरा

‘आधी माणसं मरायची थांबवा, ती कशी जगतात ते नंतर पाहू.’ हृदय कमजोर झालेल्या रुग्णांच्या जगण्याच्या दर्जाचा विषय काढला की हे उत्तर हमखास मिळतं. कधी ते डॉक्टर देतात, कधी आरोग्य खात्यातले अधिकारी, कधी शिकलेसवरलेले नातेवाईक. त्याला जोडून दुसरं वाक्य येतं, ‘हे सगळं पुण्या-मुंबईला ठीक आहे, फोपनारसारख्या गावात कोण करणार?’ आणि तिसरं वाक्य गावातलंच असतं, रुग्णाच्या उशाशी बसून म्हटलेलं: ‘आता काही करायचं नाही. पडून राहायचं आणि देवाचं नाव घ्यायचं.’

तीन तोंडांची ही तीन वाक्यं, पण त्यांमागचा विचार एकच आहे. हृदय एकदा कमजोर झालं की पुढचं आयुष्य म्हणजे मरणाची वाट पाहणं. त्या दिवसांत माणसाला रात्री आडवं होता येतं का, न थांबता न्हाणीघरापर्यंत जाता येतं का, बागेत चक्कर मारता येते का, हे प्रश्न चैनीचे. मला हा विचार पूर्णपणे अमान्य आहे. तो वैद्यकाच्या कसोटीवर टिकत नाही आणि पैशाच्या हिशेबातही बसत नाही. फोपनारसारख्या गावाच्या नावानं तो मांडला जातो म्हणून त्याचं उत्तरही फोपनारच्याच जमिनीवर उभं राहून द्यायला हवं.

फोपनार बऱ्हाणपूर जिल्ह्यात आहे. तापीच्या खोऱ्यातला हा केळीचा पट्टा, शेजारी जळगाव जिल्ह्यातलं रावेर. घरातली भाषा मराठी, कचेरीतली हिंदी आणि दवाखान्यातून मिळालेल्या कागदावरची इंग्रजी. छातीचं मोठं दुखणं निघालं की इथला माणूस जळगाव किंवा इंदूर गाठतो. बऱ्हाणपूरहून इंदूर सुमारे १८० किलोमीटर. १९६४ साली इथं प्राचीन बुद्धमूर्तींचा साठा सापडला आणि त्या कांस्यमूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेल्या. जमिनीखालच्या मूर्तींची अशी नीट नोंद झाली. जमिनीवरच्या माणसाच्या दमाची नोंद मात्र, तो शहरातल्या रुग्णालयाची पायरी चढेपर्यंत, कुठंच होत नाही.

आधी आजार समजून घेऊ. हृदयविकाराचा झटका येऊन गेला, वर्षानुवर्षं रक्तदाब वाढलेला राहिला, लहानपणच्या सांधेतापानं झडपा खराब झाल्या, दारूनं स्नायू सैल पडला किंवा बाळंतपणाच्या आगेमागे हृदय कमजोर झालं, की शरीराला लागेल तेवढं रक्त ढकलणं हृदयाला जमत नाही. मग पायावर सूज येते, फुफ्फुसात पाणी साठतं, आडवं झालं की धाप लागते, दोन उशा तीन होतात आणि शेवटी माणूस भिंतीला टेकून बसल्या बसल्या रात्र काढतो. भारतात असे रुग्ण ८० लाख ते १ कोटी असावेत असे अंदाज मांडले जातात. हा म्हाताऱ्यांचाच आजार आहे असंही नाही. देशातल्या ५३ केंद्रांच्या राष्ट्रीय हृदयनिकामी नोंदणीत साधारण १०,८५० रुग्ण आहेत आणि त्यांचं सरासरी वय ६० च्या आत आहे. पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णांपेक्षा हे वय सुमारे दहा वर्षांनी कमी. म्हणजे आपल्याकडे हा आजार कर्त्या माणसाला गाठतो. नातू खेळवायच्या वयाआधी, मुलीच्या लग्नाचं कर्ज फिटायच्या आधी.

पहिला मुद्दा ‘आधी जीव, मग जगणं’ हा. हे म्हणणाऱ्यांची कळकळ खोटी नाही. त्रिवेंद्रमच्या नोंदणीत २०१३ साली दाखल झालेल्या १,२०५ रुग्णांपैकी ५९ टक्के पाच वर्षांत दगावले. असे आकडे समोर असताना जगण्याच्या दर्जाची प्रश्नावली भरून घेणं त्यांना वेळेचा अपव्यय वाटतं. पण या विचाराचा पायाच कच्चा आहे. जीव वाचवणं आणि जगणं सुसह्य करणं ही दोन वेगळी कामं आहेत, एकाला दिलेला वेळ दुसऱ्याच्या वाट्यातून जातो, असं तो गृहीत धरतो. हृदयाच्या या आजारात ही दोन्ही कामं एकाच औषधानं, एकाच भेटीत, एकाच वेळी होतात.

पुरावा पाहा. २०२१ साली ४० देशांतल्या २३ हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्येकाला साध्या गोष्टी विचारल्या होत्या: अंघोळ करताना धाप लागते का, पायावर सूज किती वेळा येते, थकव्यामुळे काय काय सोडावं लागलं, पुढचं आयुष्य असंच काढायचं म्हटलं तर कसं वाटतं. उत्तरांना शंभरपैकी गुण दिले. ज्याचे गुण कमी, त्याचा मृत्यूचा धोका जास्त. दर दहा गुणांच्या घसरणीमागे हा धोका साधारण १८ टक्क्यांनी वाढत गेला. श्रीमंत देश असो की गरीब, हे नातं कायम राहिलं. रुग्ण ‘कसं वाटतं’ म्हणून सांगतो ते रडगाणं नसतं, तो आपल्या हृदयाचा अहवाल देत असतो. जो डॉक्टर ते विचारत नाही, तो एक फुकटची आणि अचूक तपासणी टाळतो आहे.

आता औषधांकडे पाहू. पंपिंग कमी झालेल्या रुग्णासाठी आज चार प्रकारच्या गोळ्या पायाभूत मानल्या जातात. एक एनालाप्रिलच्या किंवा सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टनच्या गटातली, दुसरी बीटा ब्लॉकर, तिसरी स्पायरोनोलॅक्टोनच्या गटातली आणि चौथी डापाग्लिफ्लोझिनच्या गटातली. १९९९ साली स्पायरोनोलॅक्टोननं गंभीर रुग्णांतले मृत्यू ३० टक्क्यांनी कमी केल्याचं दिसलं, आणि त्याच रुग्णांचा दम व त्रासही कमी झाला. २०१९ साली डापाग्लिफ्लोझिननं मृत्यू आणि आजार बळावण्याचे प्रसंग घटवले, आणि रुग्णांनी स्वतः दिलेले जगण्याचे गुणही वाढले. २०२२ सालच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत रुग्णालयातून घरी सोडल्यावर दोन आठवड्यांत औषधांची मात्रा पूर्ण केली आणि रुग्णाला वारंवार बोलावून तपासलं. सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा भरती होण्याचं प्रमाण नेहमीच्या पद्धतीत २३.३ टक्के होतं, ते १५.२ वर आलं. जगण्याचा दर्जाही सुधारला. जे उपचार आयुष्य वाढवतात तेच दिवस सुसह्य करतात. मग ‘आधी हे, मग ते’ अशी रांग लावायची कशासाठी?

उलट आपल्याकडे ‘आधी जीव’ म्हणत जीवही नीट वाचवला जात नाही. त्रिवेंद्रमच्या नोंदणीत, ज्यांना या गोळ्यांची सर्वांत जास्त गरज होती अशा रुग्णांपैकी चौथा हिस्साच पूर्ण औषधयोजना घेऊन घरी गेला. त्यानंतरच्या राष्ट्रीय नोंदणीत हे प्रमाण ४७.५ टक्क्यांवर आलं. म्हणजे निम्म्याहून अधिक रुग्ण अजूनही अपुऱ्या औषधांवर आहेत, आणि ही तर शहरातल्या जाणत्या केंद्रांची गोष्ट झाली. तिथवर न पोचलेला फोपनारचा माणूस या टक्केवारीत धरलेलाच नाही.

दुसरा मुद्दा पडून राहण्याचा. यामागे एक आकडा आहे आणि तो घरोघरी चुकीचा वाचला जातो. टूडी इको झाला की नातेवाइकांना सांगितलं जातं, ‘पंपिंग पंचवीस टक्के आहे.’ घरचे समजतात, हृदयाचा तीन चतुर्थांश भाग मेला, पाव भाग उरला. तसं नसतं. निरोगी हृदयसुद्धा प्रत्येक ठोक्याला आपल्यातलं सगळं रक्त बाहेर ढकलत नाही. ते साधारण ५५ ते ६५ टक्के ढकलतं. तेव्हा पंचवीसची तुलना शंभराशी करायची नसते, साठाच्या आसपासच्या आकड्याशी करायची असते. शिवाय हा आकडा औषधांनी अनेकांत वर चढतो. तो माणसाची ताकदही नेमकी सांगत नाही. पंचवीस टक्क्यांवर रोज गावाला फेरी मारणारे असतात आणि पन्नास टक्क्यांवर जिना न चढू शकणारेही. पण तो आकडा एकदा कानावर पडला की घरात सुतकी शांतता पसरते. खाट अंगणातून आतल्या खोलीत जाते. ‘तुम्ही उठू नका’ हे प्रेमानं म्हटलं जातं आणि त्याच प्रेमानं माणसाच्या मांड्यांचे स्नायू झिजत जातात. मग चार पावलांनी धाप लागते आणि घरचे म्हणतात, ‘बघा, हृदय आणखी गेलं.’ ती धाप पुष्कळदा पडून राहिलेल्या शरीराची असते.

एके काळी वैद्यकसुद्धा सक्तीच्या विश्रांतीचा सल्ला देत असे. ते दिवस गेले. २००९ साली २,३३१ रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत स्थिर रुग्णांसाठी नियमित व्यायाम सुरक्षित ठरला आणि त्यांच्या जगण्याच्या गुणांत पहिल्या तीन महिन्यांतच वाढ दिसली. ती फार मोठी नव्हती, पण टिकून राहिली. आज व्यायाम हा या आजाराच्या उपचाराचा भाग मानला जातो. फोपनारमध्ये त्यासाठी व्यायामशाळा लागत नाही. बोलता बोलता चालता येईल इतक्या वेगानं सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत जाणं, दर आठवड्याला दोन विजेचे खांब पुढं सरकणं, बागेत पाण्याची पाळी असली तर बांधावर उभं राहून देखरेख करणं एवढं पुष्कळ आहे. छातीत दुखलं, चक्कर आली, नेहमीपेक्षा जास्त दम लागला की थांबायचं. सूज चढलेली असताना किंवा बसल्या जागी धाप असताना चालायचं नाही, आधी डॉक्टर गाठायचा. हे नियम कुणालाही समजतात. कर्त्या माणसाला बांधावर उभं राहता आलं की त्याच्या शब्दाला घरात पुन्हा वजन येतं, आणि त्या गोष्टीची किंमत कुठल्याही इकोत दिसत नाही.

तिसरा मुद्दा ‘सगळं बंद’ या फतव्याचा. पाणी बंद, मीठ बंद, केळी बंद, उपास बंद, सण बंद. रुग्णाच्या हाती बंदीची यादी दिली की कर्तव्य संपलं असं समजणारे बरेच आहेत. या यादीतल्या काही गोष्टी खऱ्या आहेत, काही अर्ध्या खऱ्या, आणि सरसकट लादल्या तर काही घातक.

पाण्याचं घ्या. स्थिर रुग्णांनी दीड लिटरच्या वर पाणी पिऊ नये, असा सल्ला वर्षानुवर्षं दिला गेला. २०२५ साली नेदरलँड्समधल्या एका चाचणीत अशा रुग्णांना दोन गटांत विभागलं. एकाला पाण्याचं बंधन, दुसऱ्याला तहान लागेल तसं पिण्याची मुभा. बंधनाचा ठोस फायदा दिसला नाही. तहानेचा छळ मात्र बंधनवाल्यांना जास्त झाला. आता ही बंदी जशीच्या तशी आमच्या पट्ट्यात आणून बघा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा उन्हात लघवीची गोळी चालू ठेवून पाणी तोडलेला म्हातारा चक्कर येऊन पडतो, रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडावर ताण येतो. ज्याला सूज आहे, ज्याच्या रक्तात सोडियम उतरलंय, त्याला बंधन लागतंच. पण ते त्याच्या वजनावरून, सुजेवरून, ऋतूवरून ठरवायचं असतं आणि उन्हाळ्यात लघवीच्या गोळीची मात्राही डॉक्टरांना विचारून पाहायची असते. छापील यादीला ऋतू कळत नाही.

मिठाचं बंधन मात्र खरं आहे, फक्त ते भलत्या ठिकाणी घातलं जातं. भाजीतलं मीठ काढून रुग्णाला पाणचट जेवण देतात आणि ताटाच्या कडेला लोणचं, ठेचा, पापड, बिबडे तसेच राहतात. जास्तीचं मीठ तिथंच दडलेलं असतं. उपासाला सैंधव चालतं, ते ‘साधं मीठ नाही’, असा समज घराघरात आहे. सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराईडच. आणि बाजारातलं ‘कमी सोडियमचं’ मीठ याहून फसवं, कारण त्यात सोडियमच्या काही भागाऐवजी पोटॅशियम असतं. स्पायरोनोलॅक्टोन आणि एनालाप्रिलसारख्या गोळ्या शरीरात पोटॅशियम धरून ठेवतात. त्यावर हे मीठ म्हणजे हृदयाचा ठोका बिघडवण्याचा धोका. अशी माहिती द्यायला पाच मिनिटं लागतात. ‘मीठ बंद’ म्हणायला दोन सेकंद. आपण दोन सेकंदांचा उपचार निवडला आहे.

केळीचंही तसंच. केळीवर जगणाऱ्या गावात ‘केळी खायची नाही’ हे ऐकणं रुग्णाला शिक्षेसारखं वाटतं. मध्यम आकाराच्या एका केळ्यात साधारण ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं हे खरं. मूत्रपिंड कमजोर असेल, रक्तातलं पोटॅशियम वर गेलेलं असेल, तर केळी टाळायलाच हवीत. पण ज्याचा रक्ताचा अहवाल ठीक आहे त्याला बागेतलं एखादं केळं नाकारण्याचं कारण नाही. उत्तर बंदीत नाही, दर काही महिन्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासण्यात आहे. ही तपासणी नेमानं होत नाही म्हणून आपण रुग्णाचं ताट रिकामं करतो. यंत्रणेची उणीव माणसाच्या जेवणातून वसूल करायची ही पद्धत थांबली पाहिजे.

आणि ज्या गोष्टीवर खरोखर बंदी हवी, ती गावात राजरोस चालते. ‘अशक्तपणा आलाय, एक बाटली लावून द्या.’ हे वाक्य मी या पट्ट्यात लहानपणापासून ऐकत आलो आहे. नॉर्मल सलाईनच्या ५०० मिलिलिटरच्या एका बाटलीत ४.५ ग्रॅम मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. ज्याच्या घरात महिनाभर आळणी भाजी शिजते आहे, त्याच्या शिरेत तासाभरात एवढं मीठ आणि अर्धा लिटर पाणी ओतलं जातं. रात्री तो धापा टाकतो आणि पहाटे गाडी करून त्याला शहराकडे पळवतात. हृदय कमजोर असलेल्या माणसाचा अशक्तपणा बाटलीनं जात नाही, बाटलीनं तो बुडतो. दुसरी वस्तू गुडघेदुखीची गोळी. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या दुखण्याच्या गोळ्या शरीरात पाणी आणि मीठ अडवतात, मूत्रपिंडावर भार टाकतात आणि आटोक्यात असलेला आजार उचल खातो. किराणा दुकानातही मिळणाऱ्या या गोळीबद्दल रुग्णाला कुणी बजावत नाही. पाण्याच्या पेल्यावर मात्र सगळ्यांची नजर असते.

चौथा मुद्दा पैशाचा. ‘हे उपचार महाग, गरिबाला कुठले परवडणार?’ काही वर्षांपूर्वी हा आक्षेप बरोबर होता. आज त्यातलं बरंच बळ गेलं आहे. डापाग्लिफ्लोझिनचं भारतातलं पेटंट २०२० मध्ये संपलं, सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टनचं २०२३ मध्ये, एम्पाग्लिफ्लोझिनचं २०२५ मध्ये. त्यानंतर अनेक भारतीय कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या आणि किमती उतरल्या. एनालाप्रिल, बिसोप्रोलोल, कार्व्हेडिलोल, स्पायरोनोलॅक्टोन ही तर जुनी, स्वस्त औषधं.

तरीही फोपनारच्या घरात ही गोळी महिन्याच्या वीस तारखेला संपते आणि पुढच्या महिन्यापर्यंत येत नाही. कारण सरकारी मदतीची रचनाच उफराटी आहे. २०१८ पासूनची आयुष्मान भारत योजना कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचं संरक्षण देते, पण ते रुग्णालयात भरती होण्यासाठी. भरतीआधीचे तीन दिवस आणि नंतरचे पंधरा दिवस त्यात धरले जातात. सोळाव्या दिवसापासून रोजच्या गोळीचा, तपासणीचा, गाडीभाड्याचा खर्च रुग्णाचा. जो आजार रोजच्या गोळीनं आटोक्यात राहतो त्यात गोळीला पैसे नाहीत आणि गोळी चुकल्यामुळे झालेल्या भरतीला मात्र आहेत. माणसाला बुडू द्यायचं आणि मग वाचवायला लाखांची नाव पाठवायची, असा हा कारभार आहे. त्यात माणसाचे हाल होतात आणि सरकारी तिजोरीचंही नुकसान होतं. पैसा नाही असं नाही, तो चुकीच्या दारात ठेवला आहे.

असंसर्गजन्य रोगांचा राष्ट्रीय कार्यक्रम गावात तिशीपुढच्या लोकांचा रक्तदाब आणि साखर तपासतो, कर्करोगाची चाचपणी करतो. चांगलं काम आहे. पण त्या तपासणीच्या पलीकडे गेलेल्या, हृदय आधीच कमजोर झालेल्या माणसासाठी गावपातळीवर नियमित पाठपुराव्याची वेगळी सोय नाही. आपलं लक्ष एकतर आजार होण्याआधी असतं, नाहीतर माणूस अतिदक्षता विभागात पोचल्यावर. मधली पाच-दहा वर्षं, म्हणजे रुग्णाचं प्रत्यक्ष आयुष्य, बेवारस आहे.

पाचवा मुद्दा सर्वांत जास्त ऐकू येणारा: ‘गावात हे करणार कोण?’ मराठी माणसानं तरी हा प्रश्न विचारू नये. गावातली माणसं शिकवली तर मोठ्या रुग्णालयाला न जमलेलं काम करतात, हे जगाला ज्यांनी दाखवलं त्यांत महाराष्ट्र पुढं होता. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं आणि पुढं निरक्षर बायकांना आरोग्याची सूत्रं हाती दिली. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं गावच्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं, १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. चार दिवसांच्या बाळाचा श्वास मोजणारी बाई साठ वर्षांच्या माणसाचं वजन मोजू शकणार नाही, असं कोण म्हणेल?

आणि या आजारात गावपातळीवर करायचं काम अवघड नाही. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करायचं आणि वहीत लिहायचं. तीन दिवसांत दोन किलोच्या आसपास वाढ झाली तर ते मांस नव्हे, पाणी. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. ज्या पट्ट्यात केळीच्या वजनात कट्टी किती कापली यावरून तंटे होतात, तिथं वजनाचं महत्त्व समजावून सांगावं लागणार नाही. गावात आशाताई आहे, आरोग्य मंदिरात सामुदायिक आरोग्य अधिकारी आहेत, ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी बोलण्याची सोय २०१९ पासून आहे. यांतल्या कुणालाच आज ‘हृदय कमजोर असलेल्या अमुक घरच्या माणसाला महिन्यातून एकदा भेट, पाय बघ, गोळ्या मोज’ असं काम नेमून दिलेलं नाही. आशाला कामागणिक मोबदला मिळतो. या कामाचा मोबदला ठरवा, काम सुरू होईल. ते फुकट करून घ्यायचा विचार मात्र कुणी करू नये.

इथं बायकांचं स्वतंत्रपणे बोललं पाहिजे. राष्ट्रीय नोंदणीत बायकांचं प्रमाण अवघं ३१ टक्के आहे. बायकांची हृदयं अधिक बळकट असतात म्हणून हे घडलेलं नाही. सांधेतापानं झडपा खराब होण्याचा आजार तर बायकांत अधिक दिसतो. त्या रुग्णालयापर्यंत पोचत नाहीत, हा त्या आकड्याचा उघड अर्थ आहे. बाईला धाप लागली की ती ‘वयाची’ असते, थकवा ‘रक्त कमी’ म्हणून असतो. रक्त खरंच कमी असतं: पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. पण कमजोर हृदयाच्या रुग्णात लोहाच्या कमतरतेवर तोंडानं घ्यायच्या गोळ्या फारशा लागू पडत नाहीत आणि शिरेतून दिलेल्या लोहानं थकवा कमी होतो, चालणं सुधारतं, हे चाचण्यांत दिसलेलं आहे. किती बायकांची यासाठी फेरिटिन तपासणी होते? आणि घरात पुरुष आजारी पडला तर त्याची पथ्याची भाकरी, गोळ्यांची वेळ, रात्रीचं जागरण हे सगळं तिच्याच माथी. तिच्या जगण्याच्या दर्जाचा प्रश्न तर अजून कुणी उच्चारलाही नाही.

माझ्या बाजूच्या लोकांनाही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. चालणं, गोळ्या, वजनाची वही यांनी प्रत्येक माणूस बरा होणार नाही. काहींचं हृदय सगळं करूनही खचत जातं. त्यांना खोटी आशा दाखवणं हाही अन्यायच. पण त्या टप्प्यावरही ‘आता काही करायचं नाही’ हे वाक्य खोटं असतं. २०१७ साली अमेरिकेतल्या १५० गंभीर रुग्णांच्या चाचणीत नेहमीच्या उपचारांना परिहार सेवेची, म्हणजे वेदना, धाप, चिंता, कुटुंबाची भीती यांची दखल घेणाऱ्या पथकाची जोड दिली. रुग्णांचं जगणं सुधारलं, मनावरचा ताण हलका झाला. केरळनं अशी सेवा गावागावांत, घरी जाऊन देता येते हे दाखवलं आहे. आपल्याकडे परिहार सेवा म्हटलं की फक्त कर्करोग आठवतो. कमजोर हृदयाचा रुग्ण श्वासासाठी झगडत जातो, आणि त्याला शेवटचे दिवस घरी काढायचे आहेत का, हे त्याला कुणी विचारलेलंसुद्धा नसतं.

१९६८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी माणसाच्या हृदयाचं प्रत्यारोपण केलं. जगातल्या पहिल्या प्रत्यारोपणानंतर जेमतेम अडीच महिन्यांनी आपण तिथवर पोचलो होतो. हा अभिमान योग्य आहे. पण देशात आजही वर्षाकाठी काही शेच हृदयं बदलली जातात आणि रुग्ण लाखांनी आहेत. हिरव्या मार्गानं धावणाऱ्या रुग्णवाहिकेची बातमी पहिल्या पानावर येते. फोपनारच्या माणसाची गोळी वीस तारखेला संपली ही बातमी कुठंच येत नाही. बहुसंख्य रुग्णांचं आयुष्य या दुसऱ्या बातमीवर ठरतं.

तेव्हा मागणी साधी आहे. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही सरकारांनी या आजाराच्या रोजच्या गोळ्या आरोग्य मंदिरातून, खंड न पडता, मोफत द्याव्यात. क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची तपासणी तालुक्याच्या ठिकाणी ठरावीक काळानं व्हावी. आशाताईच्या कामात महिन्याची भेट मोबदल्यासह धरावी. रुग्णालयातून सुटणाऱ्या प्रत्येकाच्या हातात त्याच्या घरच्या भाषेत एक पान असावं: कोणती गोळी कशासाठी, वजन किती वाढलं की कुणाला फोन करायचा, कोणती गोळी आणि कोणती बाटली घ्यायची नाही.

आणि तुमच्या घरात असा रुग्ण असेल तर सरकारची वाट पाहू नका. उद्या एक वजनकाटा आणि एक वही आणा. स्वतःहून कोणतीही गोळी बंद करू नका, वाढवू नका. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा की चारही प्रकारची औषधं चालू आहेत का, नसतील तर का नाहीत, किती चालायचं, किती पाणी प्यायचं. कुणी अशक्तपणावर सलाईन लावायला निघालं तर हृदयाचा कागद पुढं करून थांबवा. आणि रुग्णालाच विचारा, त्याला काय करता यावंसं वाटतं. त्याच्या उत्तरापासून उपचार सुरू झाले पाहिजेत.